घटिकापात्राचा पहारेकरी

पूर्वी लग्नघरी पाण्याने भरलेले घंगाळ मांडले जाई आणि त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवली जाई. भोकातून पाणी आत शिरता शिरता २४ मिनिटांनी ती बुडे. म्हणजे एक घटका भरली. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र. साधन साधे आणि भरवशाचे. परंतु त्याच्यापाशी एक जागता माणूस बसवावा लागे. बुडालेली वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडणे आणि भरलेल्या घटका मोजणे हे त्याचे काम. त्याला डुलकी लागली की काळाची गणती चुकली. हा पहारेकरी यंत्राच्याच अंगी कसा आणावा, या प्रश्नात आजच्या स्वयंचलनाचे मूळ आहे.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत क्टेसिबियस नावाचा यंत्रज्ञ होऊन गेला. तो न्हाव्याचा मुलगा होता, असे रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवले आहे. पाण्याच्या घड्याळात एक अडचण असे. भांड्यातील पाणी उतरू लागले की दाब घटे, धार मंदावे आणि घड्याळ मागे पडे. क्टेसिबियसच्या घड्याळाशी अभ्यासक जी युक्ती जोडतात, ती या अडचणीवरचाच उपाय होय. मधल्या भांड्यात वर निमुळता होत गेलेला एक तरंगता खुंटा असतो. पाणी चढले की खुंटा वर जाऊन येणाऱ्या धारेचे तोंड आवळतो. पाणी उतरले की ते तोंड मोकळे होते. पाणी अशा रीतीने आपल्याच पातळीची राखण करते आणि भांड्यातून बाहेर पडणारी धार एकसारखी राहते.

पुढे आजच्या तुर्कस्तानातील दियारबकीर येथे, आर्तुकी राजांच्या पदरी असलेल्या अल-जझारीने १२०६ मध्ये यंत्रांवरील आपला ग्रंथ पुरा केला. त्यात हत्तीच्या आकाराचे एक घड्याळ वर्णिले आहे. हत्तीच्या पोटातील हौदात आपल्या घटिकापात्रासारखेच भोकाचे भांडे तरंगते. बुडताना ते दोरी ओढते. त्यासरशी वरून एक गोळी सुटून धातूच्या सर्पाच्या मुखात पडते. तिच्या भाराने सर्प खाली झुकतो आणि बुडालेले भांडे वर उचलून रिकामे करतो. घटिकापात्राजवळ बसणाऱ्या माणसाचे काम येथे एका सर्पाने केले.

१७८८ मध्ये जेम्स वॉटने वाफेच्या एंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियामक बसवला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची वाट अरुंद होई. वेग घटला की गोळे जवळ येत आणि वाट रुंदावे. ही कल्पना त्याने प्राचीन ग्रंथांतून नव्हे, तर धान्य दळणाऱ्या चक्क्यांत रूढ असलेल्या साधनावरून घेतली. म्हणून अलेक्झांड्रियापासून वॉटपर्यंत अखंड गुरुपरंपरा कल्पिणे योग्य होणार नाही. तत्त्व मात्र एकच: कार्याचा परिणाम पाहून कार्य सुधारावयाचे. १८६८ मध्ये मॅक्सवेलने अशा नियामकांचे गणित मांडले. १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनरने या विद्येला नाव दिले, ते ‘कर्णधार’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.

आज तेच तत्त्व विमानाची उंची राखते आणि भट्टीचे तापमान सांभाळते. घरोघरी पाण्याच्या टाकीत दांडीला जोडलेला पोकळ चेंडू क्टेसिबियसच्या खुंट्याचेच काम करीत असतो. तथापि पाणी कोठवर भरावे हे चेंडू ठरवीत नाही. दांडी बसवणारा ते ठरवितो. यंत्र आपली चूक सुधारते, परंतु चूक कशाला म्हणावे हे माणसाने त्याला आधी सांगितलेले असते. वाटी उचलण्याचे कष्ट यंत्राने पत्करले, ही मोठीच सोय झाली. मुहूर्त निवडण्याची जबाबदारी मात्र पूर्वीप्रमाणेच माणसावर आहे, आणि यंत्रे जितकी बलवान होतील तितकी ती अधिक जड होणार आहे.