कमरेतल्या सुईची कुळकथा

शिरूर असो वा दौंड, सिझर ठरलं की घरातली थोरली बाई भूलतज्ज्ञाला गाठून विचारते, "पाठीत सुई दिली की कंबर जन्माची जाती म्हणं, खरं का?" ही भीती हसण्यावारी नेऊ नये. सुईचा इतिहास पाहिला की या भीतीचं मूळ सापडतं.

भुलीआधीचा काळ शिरूरने जवळून पाहिला आहे. घोडनदीकाठच्या इंग्रज छावणीत जानेवारी १८१८ मध्ये कोरेगावच्या लढाईतले जखमी आणले, तेव्हा बोस्टनचं ईथर यायला २८ वर्षं अवकाश होता. १८४६ मध्ये ईथर आलं, १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म. दोन्हींनी माणूस पुरता झोपे. जागेपणी फक्त कमरेखालचं अंग बधिर करण्याची वाट वेगळीकडून निघाली.

१८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर केला. १८९१ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिख क्विंकेने मणक्यांमधून सुई घालून आतलं पाणी काढून दाखवलं. त्याच शहरात ऑगस्ट १८९८ मध्ये ऑगस्ट बिअरने दोन्हींची सांगड घातली आणि घोट्याचा क्षय झालेल्या मजुरावर शस्त्रक्रिया केली. मग त्याने आणि सहायक हिल्डेब्रांटने एकमेकांवर प्रयोग केला. बिअरच्या वेळी पिचकारी सुईला नीट बसेना, पाणी गळून गेलं. हिल्डेब्रांटला मात्र सिगारचा चटका आणि नडगीवरचा हातोडाही दुखला नाही. पुढे नऊ दिवस बिअरचं डोकं ठणकत राहिलं. आडवं झालं की थांबे. पाणी गळाल्यानेच हे झालं, असा तर्क त्याने तेव्हाच केला.

तिथून पुढे ही गळती कमी करण्याची खटपट सुरू झाली. १९५१ मध्ये पेन्सिलीच्या टोकासारखी सुई आली. ती मज्जारज्जूभोवतीचं आवरण कापत नाही, त्याचे धागे बाजूला सारते. आज २५ ते २७ नंबरच्या केसासारख्या बारीक सुया वापरतात. औषधही बदललं. १९०७ मध्ये लंडनच्या आर्थर बार्करने त्यात ग्लुकोज मिसळून ते जड केलं. दौंडच्या गुऱ्हाळावरची काकवी पाण्यात तळाशी बसते, तसं हे औषध खाली उतरतं. म्हणून टेबल कलवून त्याला दिशा देता येते. आजचं ब्युपिवाकेन १९५७ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि सुई त्याच्या खाली जाते. टोचल्या जागी काही दिवस दुखेल. बाळंतपणानंतरची कंबरदुखी मात्र बहुतेकदा गरोदरपणातला भार, सैलावलेले सांधे आणि वाकून पाजणं यांतून येते. पाय काही तास हलणार नाहीत, ते परत येतात. पोटावर हात फिरल्याचं, ओढल्याचं कळेल, दुखणार नाही. मळमळलं, छातीत दडपलं तर लगेच बोलावं. बसल्यावर डोकं दुखून आडवं पडल्यावर थांबलं, तर घरी अंगावर काढू नये. त्यावर इलाज आहे. गरज पडली तर रुग्णाचंच रक्त त्या जागी टोचून गळती बुजवतात. ही रीत १९६० पासूनची.

तालुक्यातला भूलतज्ज्ञ बॅग घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पळत असतो, आणि हे सगळं संमतीपत्रावर सही घेताना दोन मिनिटांत उरकलं जातं. कळा देणाऱ्या बाईला तेव्हा काय समजणार? आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीलाच, सासू आणि नवरा समोर असताना, मराठीत हे सांगायला हवं. सुई सुधारायला शंभर वर्षं लागली. ती समजावून द्यायला पंधरा मिनिटं पुरतात, आणि ती देणं हे आमचं कामच आहे.