पेण आणि रोह्याच्या मध्ये

दिवा-रोहा गाडीनं पेण सोडलं की कासू, मग नागोठणे, निडी आणि रोहा. डब्यातल्या माझ्या वयाच्या कुणाला नागोठण्याबद्दल विचाराल, तर अंबा नदी आणि गोवा हायवेचे खड्डे आठवतील. ५ नोव्हेंबर १९९० बहुधा नाही.

त्या दिवशी इथल्या महाराष्ट्र गॅस क्रॅकर कॉम्प्लेक्समध्ये इथेन-प्रोपेनची गळती झाली, स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं गेली. कारखाना आयपीसीएल या सरकारी कंपनीचा, तेव्हा नवाच. बॉम्बे हायचा गॅस उरणला येतो. त्यातून वेगळं काढलेलं इथेन-प्रोपेन नळीतून नागोठण्याला जायचं आणि भट्टीत प्रचंड तापवून त्याचं इथिलीन व्हायचं. भोपाळला जेमतेम सहा वर्षं झाली होती. १९८७ मध्ये कारखाना कायदा सुधारला होता, १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले होते. कागदावर देश शहाणा झाला होता.

मी कारखान्यांतले बिघाड ओळखणारं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून ही तारीख मला टोचते. आमच्या धंद्याची मूळ कल्पना साधी आहे: यंत्र कसं वागायला हवं याचं गणित मांडायचं, ते कसं वागतंय हे सेन्सरवरून बघायचं आणि फरक वाढला की घंटा वाजवायची. अडचण अशी की कारखाना सरळ रेषेत वागत नाही.

एक उदाहरण देतो. नळीतला प्रवाह मोजायला ओरिफिस प्लेट बसवतात, म्हणजे भोक असलेली चकती. तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. पूर्ण प्रवाहाला फरक १०० धरला, तर दहा टक्के प्रवाहाला तो फक्त १ उरतो. आता सेन्सर अर्ध्या एककानं चुकला असं समजा. पूर्ण प्रवाहात कुणाला पत्ताही लागणार नाही. पण दहा टक्क्यांवर खरा प्रवाह ७ आहे की १२, हेच सांगता येत नाही. आत किती आलं, बाहेर किती गेलं याचा हिशेब करून गळती पकडायची, तर ती या चुकीतच लपून बसते. चालू कारखान्यावर बेतलेली घंटा तो सुरू किंवा बंद होताना एकतर उगाच वाजत राहते, नाहीतर गप्प बसते. उगाच वाजणारी घंटा माणसं बंद करतात, आणि मला त्यांचा राग येत नाही.

अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत २३ मार्च २००५ ला याहून विचित्र घडलं. कारखाना सुरू करताना एक मनोरा द्रवानं भरत चालला होता आणि पातळीचा सेन्सर पातळी उतरतेय असं दाखवत होता. द्रव त्याच्या मापाच्या पट्ट्याबाहेर केव्हाच गेला होता. तापून हलका झाला, तसा आकडा खाली येत गेला. आकडा बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसत होतं. १५ माणसं मेली.

आमच्या क्षेत्रात कुठलाही नवा अल्गोरिदम आला की तो 'टेनेसी ईस्टमन'वर तपासतात. डाउन्स आणि व्होगेल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला हा संगणकातला कारखाना: ४१ मापं, १२ नियंत्रणं, २० ठरवून दिलेले बिघाड. मीही त्यावरच शिकलो. त्यात बिघाड क्रमांक ४ घातला की काय होतं, ते पाठ आहे. हा कारखाना नागोठण्यानंतर तीन वर्षांनी आला, पण त्यात प्रत्येक बिघाडाला आधीच नंबर असतो आणि फाइल पुन्हा पहिल्या मिनिटापासून चालवता येते.