मराठ्यांच्या इतिहासाची प्राथमिक साधने

मराठ्यांच्या इतिहासाची प्राथमिक साधने म्हणजे अभ्यासविषय असलेल्या काळातच निर्माण झालेली कागदपत्रे व वस्तू होत. पत्रे, सनदा, महजर, निवाडे, जमाखर्च, शिलालेख आणि नाणी यांचा त्यांत समावेश होतो. त्यांच्या आधारे नंतर लिहिलेल्या ग्रंथांना दुय्यम साधने म्हणतात.

साधनांचे मूल्यमापन

साधनाचे मूल्य विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीची आहे. शिवकालीन घटनांसाठी ती समकालीन पुरावा ठरत नाही. मात्र सातारा दरबारात त्या काळी पूर्वेतिहास कसा सांगितला जात असे, यासाठी ती प्राथमिक साधन ठरते.

ग्रंथालयातील शोध

बरीच कागदपत्रे छापील खंडांत उपलब्ध आहेत. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. मालेत एकूण २२ खंड आहेत. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. ग्रंथसूचीत घटनेच्या नावाने असे खंड सहसा सापडत नाहीत. संपादकाचे नाव किंवा ‘साधने’, ‘दफ्तर’, ‘पत्रव्यवहार’ या शब्दांनी शोध घ्यावा लागतो. दुय्यम ग्रंथांच्या तळटीपांतील खंड व लेखांक यांवरूनही मूळ पत्रापर्यंत पोहोचता येते.

मूळ कागद

छापील खंड ही संपादकाची निवड असते. पेशवे दफ्तराचे मूळ कागद पुणे पुराभिलेखागारात रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. १९१० मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळातही मोठा संग्रह आहे. यांतील बहुतेक मराठी कागद मोडी लिपीत असल्याने तिचे वाचन आवश्यक ठरते.

कालनिश्चिती

अनेक पत्रांत केवळ चंद्र व महिना दिलेला असतो. अशा वेळी छापील खंडातील वर्ष हे संपादकाचे अनुमान असते आणि ते मजकुराशी ताडून पाहावे लागते. सुहूर सन दिलेला असला तरी रूपांतरात चूक संभवते. हा सन मृग नक्षत्राच्या आरंभी बदलतो. म्हणून तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९, तर जानेवारीपासून पुढील मृगारंभापर्यंत ६०० मिळवल्यास इसवी सन येतो. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेली पानिपतची लढाई सुहूर सन ११६१ मध्ये येते. येथे ५९९ मिळवल्यास ती एक वर्ष आधी घडल्याचे दिसेल.