आगोट आली, घर पाहा

कोकणच्या बोलीत ‘आगोट’ असा एक मोठा उपयोगी शब्द आहे. पावसाळा तोंडावर आला, पण अजून सुरू झाला नाही, असे जे थोडे दिवस असतात ती आगोट. सरपण भरा, मीठ-मिरची भरा, सुकट-बोंबील भरा आणि घर शाकारून घ्या, एवढा सगळा हुकूम ह्या एका शब्दात येतो. आगोटीची कामे म्हटले की ती केव्हा संपवायची हे वेगळे सांगावे लागत नसे. मृगाच्या आत ती संपली नाहीत, तर पाऊसच येऊन हजेरी घ्यायचा.

आज ज्याला आपण नवी मुंबई म्हणतो, तिथे ही आगोट शेकडो वर्षे पाळली गेली. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचे डोंगर आणि मध्ये चिंचोळी पट्टी. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, शिरवणे, नेरूळ, करावे, दिवाळे, बेलापूर ही त्या पट्टीतली जुनी गावे. वस्ती मुख्यत्वे आगरी आणि कोळी मंडळींची. भात, मीठ आणि मासळी ही त्यांची मिळकत. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या ह्या मुलखात त्यांची घरे उभी कशी राहत, हा इतिहासाचा भाग आहे. आणि तुम्ही वाशीत किंवा नेरूळला चौथ्या मजल्यावर राहत असलात, तरी तुमच्या कामाचा आहे.

घर साधे असे. दगडमातीचे जोते, लाकडाचे खांब, कारवीच्या काठ्यांचा कुड, त्याला शेणामातीचा लेप आणि वर भाताचा पेंढा. ह्यातली एकही वस्तू टिकाऊ नव्हे. पेंढा एका पावसात काळा पडतो, कुडाची माती झडते, खांबाला वाळवी लागते. पण घर टिके. कारण प्रत्येक वस्तूचा दिवस ठरलेला असे. होळीच्या सुमारास रानातून कारवी आणि लाकूड यायचे. चैत्र-वैशाखात कुड लिंपायचा. मेच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागले की जुना पेंढा उतरवून नवा चढवायचा, आणि पावसाच्या माऱ्याच्या बाजूला झावळ्यांची झापे बांधायची. गणपतीच्या आधी आतल्या भिंतींना चुन्याचा हात फिरायचा. पाऊस उलगडला की अंगण चोपायचे, सारवायचे. त्याच सुमारास भाताची मळणी, म्हणजे पुढच्या छपराचा पेंढाही तयार! शेत आणि छप्पर ही अशी एका दोरीत बांधलेली होती.

पुढे कौले आली. मंगळूरजवळ जेप्पू येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि त्या चपट्या लाल कौलांनी पश्चिम किनाऱ्याचा चेहरा बदलला. दरवर्षीच्या शाकारणीतून सुटका झाली. पण पुरती नव्हे. वानराने उडी मारली, नारळ पडला की कौल फुटायचेच. म्हणून वैशाखात एकदा माणूस वर चढवून कौले चाळून घ्यावी लागत: फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे, पन्हळीतला पाला उपसायचा. चढलेल्या माणसाला वासे आणि रिपाही दिसत. कुठे कीड लागली ते कळे. दुरुस्तीच्या निमित्ताने तपासणीही होऊन जाई.

ह्या कामात दुसरी एक गोष्ट होती, ती म्हणजे हात. काम कोणाचे हे ठरलेले असे. शाकारणीला भावकी येई, आज तुझ्याकडे तर उद्या माझ्याकडे. खाडीकाठच्या खारजमिनींचे तर जीवनच ह्यावर होते. समुद्राचे पाणी भातशेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले असत. पावसाचे पाणी बाहेर सोडायला उघाडी असे. एका ठिकाणी बांध फुटला की साऱ्यांच्या शेतात खारे पाणी, आणि पुढे दोन-तीन पावसांनी जमीन धुऊन निघेपर्यंत पीक नाही. तेव्हा ज्यांची शेते एका बांधाआड, त्यांनी मिळून तो बांध राखायचा, अशी सामायिक रीत होती. पेण-अलिबागच्या बाजूला तिला ‘जोळ’ म्हणत. सन १९४८ मध्ये मुंबई खारजमीन कायदा झाला, सरकारी मंडळ आले. पैसा आणि यंत्रे आली हे चांगलेच झाले. पण बांध आपला की सरकारचा, हा प्रश्न त्याबरोबर आला. ज्या प्रश्नाला दोन उत्तरे असतात, ते काम मागे पडते.

हाच प्रश्न खाडीपलीकडे मुंबईत केवढा महाग पडला, ते पाहण्यासारखे आहे. युद्धाच्या काळात भाडी भडकू नयेत म्हणून निर्बंध आले आणि १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने ती साधारण १९४० सालच्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूंना त्याचा मोठा आधार झाला, ह्यात शंका नाही. पण मालक म्हणू लागला, ‘एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कुठली?’ आणि भाडेकरू म्हणू लागला, ‘घर मालकाचे, मी का पैसे घालू?’ दोघांचेही बोलणे आपापल्या परीने खरे. त्या दोन खऱ्या बोलण्यांच्या मध्ये तुळया मात्र कुजत राहिल्या. चाळी कोसळू लागल्या, माणसे मेली. शेवटी १९६९ साली कायदा करून सरकारला इमारत दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. उपकर बसला, आणि तब्बल १९,६४२ इमारती त्या उपकराखाली आल्या. हे मंडळ पुढे १९७७ मध्ये म्हाडात सामील झाले.

मुंबईची ही दाटी मोकळी करावी म्हणून खाडीच्या पूर्वेला नवे शहर वसवण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनी १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन ह्या शहरासाठी ठरली. गावकऱ्यांनी त्याची किंमत मोजली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जे आंदोलन झाले, त्यात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. भातशेती गेली तसा पेंढा गेला, बांध गेला, आणि बांधावर एकत्र येणारे हातही पांगले. गावठाणातही कुडा-कौलांच्या जागी सिमेंटचे मजले चढले.

नव्या शहरात चाळीचे भांडण राहणार नव्हते. इथे जमीन भाडेपट्ट्याची असली, तरी घर मालकीचे. मालकच राहणार, म्हणजे निगा आपोआप राखली जाणार, असा सरळ हिशेब होता. त्यात भर सिमेंट-लोखंडाची. शाकारणी नाही, सारवण नाही, कौले चाळणे नाही. एकदा बांधले की मुलाबाळांपर्यंत पाहायला नको! ही समजूत तुमच्या-माझ्यासारख्या सगळ्यांनी आनंदाने करून घेतली.

कोरियांची स्वतःची कल्पना मात्र थोडी निराळी होती. बेलापूरला १९८३ ते १९८६ च्या दरम्यान त्यांनी जी वसाहत उभी केली आणि जी पुढे आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणून नावाला आली, तिच्यात सुमारे ५५० कुटुंबांची सोय होती. सात-सात घरांचा मेळ, मध्ये आठ मीटर लांब-रुंद चौक, आणि दोन घरांत सामायिक भिंत नाही. हेतू हा, की प्रत्येकाला आपले घर गावच्या गवंड्याकडून दुरुस्त करता यावे, वाढवता यावे, आणि शेजाऱ्याची परवानगी लागू नये. लोकांनी खरोखरच घरे वाढवली. इतकी, की मूळची कित्येक ओळखूही येत नाहीत. ते सौंदर्याला मानवले की नाही हा वाद सोडा. पण ज्याचे घर त्याचा हात, हे तिथे घडले.

मजल्यांच्या इमारतीत ते इतके सोपे नाही. दाराच्या आत सगळे माझे; पण गच्ची, जिना, बाहेरची भिंत आणि पाण्याचे नळ सगळ्यांचे, म्हणजे पुष्कळदा कोणाचेच नाहीत. आणि सिमेंट काही अमर नव्हे. काँक्रीटच्या आतली लोखंडी सळई त्यातल्या क्षारगुणामुळे सुरक्षित असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून तो गुण कमी करतो; खाडीकडून येणारा खारा वारा मीठ आत नेतो; आणि भेगेतून पाणी झिरपले की सळई गंजते. गंजलेले लोखंड मूळच्याहून कितीतरी पट जागा घेते. मग आतून रेटा बसतो, काँक्रीटला तडा जातो, छताचा पोपडा खाली येतो. सळईवरचे आवरण किती जाड असावे हे जाणकारही अनुभवानेच शिकले. १९७८च्या भारतीय मानकात साध्या परिस्थितीतल्या स्लॅबला १५ मिलिमीटर आवरण चालत असे. २००० सालच्या मानकाने समुद्रकाठच्या तीव्र हवेसाठी ते ४५ मिलिमीटर सांगितले.

ह्याचा अनुभव वाशीने घेतला. सेक्टर ९ आणि १० मधल्या ‘जेएन’ नावाच्या सिडको इमारती उभ्या राहून पुरती पिढीही लोटली नव्हती, तो छतांचे तुकडे पडू लागले, सळया उघड्या पडल्या आणि त्या धोकादायक ठरल्या. दोष बांधणीचा की निगेचा, ह्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. पुनर्बांधणीची वाट पाहण्यात कुटुंबांची उमेद गेली. अशा इमारतींत दरवर्षी आगोटीला एकच चिंता असे: हा पाऊस निभेल ना?

जे पूर्वी रीत सांगत असे, ते आता कायदा सांगू लागला आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार करून घ्यावी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी तपासणी सांगितली आहे. नवी मुंबई महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. तिच्यात ‘सी-१’ म्हणजे तत्काळ रिकामी करण्याजोगी, तर ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तुमची इमारत कुठे बसते, ते स्वतः पाहा.

खर्चाचा हिशेबही ठरवून दिलेला आहे. दुरुस्ती निधी म्हणून घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड म्हणून किमान पाव टक्का जमा करायचा. बांधकामाचा खर्च दहा लाख धरला, तर वर्षाला अनुक्रमे ७,५०० आणि २,५०० रुपये. महिन्याला सुमारे ८३३ रुपये होतात. पूर्वीचा पेंढा आणि भावकीचे जेवण, ह्यांचेच हे आजचे रूप समजा. कामाची वाटणीही आहे: बाहेरून येणारी गळती संस्थेने पाहायची, न्हाणीघर-शौचालयातली आतली गळती ज्याच्या त्याने. एवढे एक कलम दोन मजल्यांतले कितीतरी भांडण मिटवते.

आता तिथी उरली, आणि तीच आपण विसरलो. पुष्कळ ठिकाणी भिंत ओली झाली की दुरुस्तीची आठवण होते, ऐन आषाढात! तेव्हा काही करता येत नाही. वर्ष असे लावून घ्या. पावसात दुरुस्ती नको, नुसती नजर ठेवा. ओल कुठे उमटली तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख घाला. संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. म्हणजे खुणा ताज्या असतानाच ती भरते. त्याच सभेत ह्या खुणांची यादी ठेवा आणि खर्च मंजूर करून घ्या. दिवाळीनंतर भिंती सुकल्या की छताला हलक्या हातोडीने ठोकून पाहा; पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटला आहे. सळईची, भेगांची आणि गच्चीच्या कोब्याची मोठी कामे थंडीत उरकावीत. काँक्रीटवर पाणी मारायला तेव्हा सवड असते आणि अवचित पाऊस नसतो. रंग त्यानंतर. रंगाने भेग झाकते, बुजत नाही. चैत्र-वैशाखात पाण्याच्या टाक्या, पन्हळी आणि पावसाचे नळ मोकळे करावेत आणि भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढावे. वर कापून भागत नाही. मूळ आत राहिले की तेच भिंत फोडते. रोहिणी लागेपर्यंत हात धुऊन मोकळे व्हावे.

ह्यात नवे काहीच नाही. बेलापूर पट्टीतल्या माणसाकडे सिमेंट नव्हते, अभियंता नव्हता. पण हे काम कोणाचे आणि कोणत्या दिवसाचे, ही दोन उत्तरे त्याच्याजवळ तयार असत. पेंढ्याचे घर दरवर्षी थोडेसे मागत असे आणि मागताना लाजत नसे. सिमेंटचे घर वीस-तीस वर्षे गप्प बसते आणि मग सगळे एकदम मागते. कधी पैशांत, कधी त्याहून मोलाच्या गोष्टीत. म्हणून त्याच्या मागण्याची वाट पाहू नका. येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘आगोटीची कामे’ हा विषय तुम्हीच लिहून द्या, आणि त्याच्यापुढे करणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला.