पोथी आणि रुमाल : राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या व्याख्येविषयी

फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले, तेव्हा देशभरच्या पोथ्या दिल्लीस आणून एक मोठे भांडार उभारावे, असा त्याचा हेतू नव्हता. पोथी ज्याची त्याच्याकडेच राहावी. संस्थेने तिची नोंद करावी, ती जपावी. आणि त्यासाठी लागणारे अनुदान, नोंदपत्रके व प्रशिक्षण मिशनने पुरवावे, अशी ही रचना होती. संसाधन केंद्रांनी परिसरातील मठ, मंदिरे व घराणी यांच्याकडील संग्रह शोधून याद्या करावयाच्या; संवर्धन केंद्रांनी कीड, बुरशी व दमट हवा यांपासून पोथ्या वाचवावयाच्या आणि ती विद्या लहान संस्थांनाही शिकवावयाची. पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय यांचा अशा केंद्रांत समावेश झाला. ज्या संस्थेकडे पोथ्या आहेत पण सूचिकार नाही, तिला या व्यवस्थेचा मोठाच आधार होता.

मात्र साहाय्य कोणास मिळावे, हे व्याख्येने ठरते. किमान ७५ वर्षे जुने, हस्तलिखित व ज्ञानविषयक आशय असलेले ते ‘पांडुलिपी’. फर्माने, महसुली कागद इत्यादी ऐतिहासिक दस्तऐवज तीत येत नाहीत, अशी मिशनची भूमिका होती. संस्कृत शास्त्रग्रंथांपुरती ही विभागणी सोयीची आहे. मराठीस ती अडचणीची ठरते, आणि तंजावरला ती विशेष जाणवते.

नायक राजांच्या काळी आरंभ झालेला व दुसऱ्या सरफोजी राजांनी (१७९८–१८३२) वाढविलेला हा संग्रह १९१८ साली सार्वजनिक झाला. त्यात संस्कृत व तमिळ ताडपत्रांबरोबर मराठी पोथ्या आहेत, तसेच भोसले दरबाराच्या मोडी कागदांचे रुमालही आहेत. शाहराजांच्या मराठी नाटकाची पोथी व्याख्येत बसते. त्याच दरबारात गवई व नर्तकी यांना दिलेल्या रकमांचा मोडी हिशेब बसत नाही. नाट्येतिहासाच्या अभ्यासकास दोन्ही सारखेच लागतात. दस्तऐवजांसाठी अभिलेखागारे आहेत, हा आक्षेप खरा आहे. परंतु येथे दोन्ही प्रकारचे कागद एकाच संस्थेकडे आहेत आणि दोहोंना लागणारी कसर एकच आहे!

या रुमालांकडे कोणी पाहिलेच नाही, असे मात्र नव्हे. तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने १९८९ साली मोडी कागदपत्रांचे तमिळ भाषांतर टिपांसह प्रसिद्ध केले होते, म्हणजे मिशनच्या चौदा वर्षे आधी. मराठी विद्यापीठांतून त्याची दखल फारशी घेतली गेली नाही, याचे कारण भाषेचे असावे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मिशन जाहीर झाले आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन हे उद्दिष्ट ठरले. मोडी रुमाल त्या कोटीत धरावयाचे असतील, तर ग्रंथनाम व ग्रंथकर्ता या रकान्यांऐवजी प्रकरण, खाते व तारीख मागणारे वेगळे नोंदपत्रक करावे लागेल. आणि ते भरण्यासाठी मोडी वाचणारी माणसे तमिळनाडूतच तयार करावी लागतील.