चार्जर लावला की एमसीबी का पडतो?

गोल्फच्या मैदानावर खेळाडूंची ने-आण करणारी बॅटरीवरची गाडी आता मोठी गृहसंकुले, रुग्णालये आणि रेल्वे स्थानके येथेही दिसते. रात्री ही गाडी चार्जिंगला लावावी आणि सकाळी एमसीबी पडलेला, बॅटरी रिकामी असावी, हा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी 'मोठा एमसीबी बसवा' असा सल्ला हमखास मिळतो. तो घातक आहे. एमसीबी भिंतीतल्या तारांचे रक्षण करतो. १६ अँपिअरसाठी टाकलेल्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर तो पडायचा थांबतो. तार मात्र तापत राहते आणि आगीला निमंत्रण मिळते. त्यापेक्षा एमसीबी नेमका केव्हा पडतो, हे पाहावे. दोषाचा माग तेथूनच लागतो.

चार्जरची भूक किती?

या गाड्यांत ६, ८ किंवा १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या ओळीने जोडून ३६ किंवा ४८ व्होल्ट मिळवतात. ४८ व्होल्टचा संच चार्ज होताना त्याचा दाब सुमारे ६० व्होल्टपर्यंत चढतो. १८ अँपिअर देणारा चार्जर म्हणजे सुमारे एक हजार वॉट. उष्णतेत वाया जाणारी वीज धरली, तरी २३० व्होल्टवर तो साधारण सहा अँपिअर घेतो. म्हणजे १६ अँपिअरच्या स्वतंत्र जोडणीला हा भार जड नाही. दिव्या-पंख्यांच्या सहा अँपिअरच्या जोडणीवर मात्र तो लावू नये.

बटण दाबताक्षणी पडल्यास

केबल चेंगरणे, प्लगमधील तारा एकमेकींना चिकटणे, ट्रान्सफॉर्मर जळणे किंवा डायोड शॉर्ट होणे, ही याची प्रमुख कारणे. चार्जर काढून त्याच सॉकेटवर इस्त्री लावून पाहावी. एमसीबी टिकला, तर संशय चार्जरवर. तेव्हाही पडला, तर वायरिंगवर किंवा खुद्द एमसीबीवर.

एमसीबी कधी पडतो, कधी टिकतो, असे होत असेल, तर कारण वेगळे असू शकते. ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. 'बी' प्रकारचा एमसीबी क्षमतेच्या तीन ते पाच पट प्रवाहाला तत्काळ पडतो, तर 'सी' प्रकारचा पाच ते दहा पटींना. वायरिंग तपासून तेवढ्याच अँपिअरचा 'सी' प्रकार बसवणे हा येथे उपाय ठरतो. तो निर्णय परवानाधारक वायरमनचा असावा.

काही वेळाने पडल्यास

हे अतिभाराचे किंवा उष्णतेचे लक्षण. त्याच जोडणीवर गीझर किंवा पाण्याचा पंप आहे का, ते पाहावे. सैल स्क्रू, काळवंडलेले सॉकेट आणि गुंडाळी करून ठेवलेली बारीक एक्स्टेन्शन केबल यांनीही उष्णता वाढते. सैल जोडणीची ऊब एमसीबीपर्यंत पोहोचली, की तो क्षमतेहून कमी भारालाही पडू शकतो.

आरसीसीबी पडत असल्यास

मग प्रश्न भाराचा नसून गळतीचा आहे. घरगुती आरसीसीबी सामान्यतः ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडतो. पावसाळ्यात चार्जरमध्ये शिरलेला ओलावा किंवा उंदरांनी कुरतडलेली केबल हे नेहमीचे कारण. अर्थिंगची पिन काढून 'इलाज' करणे म्हणजे चार्जरचे लोखंडी खोके जिवंत करण्याचा धोका पत्करणे होय.

सावधगिरी

पडलेला एमसीबी एकदा चढवून पाहावा. पुन्हा पडल्यास प्रयोग थांबवावेत. चार्जर घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर असावी आणि गाडीच्या बॅटरीची जोडणी चार्जर बंद केल्यावरच सोडवावी.

एमसीबी पुन्हा पुन्हा पडणे त्रासाचे असले, तरी ती सूचना आहे. तिच्याकडे कानाडोळा केला, तर पुढची सूचना धुराच्या रूपाने येते.