हायवेवरची पोरं आणि रिकामी धावपट्टी

पुणे-हैदराबाद हायवे आमच्या उमरग्यातून जातो. रात्री ट्रकांची वर्दळ जरा कमी झाली की सायलेन्सर बदललेल्या गाड्यांचा आवाज सुरू होतो. सकाळी टपरीवर दोन वाक्यं ठरलेली: "पोलिसांनी फोडून काढलं पाहिजे" आणि "आईबापाचं लक्ष नाही". दोन्ही चूक आहेत असं मी म्हणत नाही. पण हा प्रश्न जगात पहिल्यांदा आपल्यालाच पडलाय असंही नाही. त्याचा इतिहास थोडा बघू.

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेतली हजारो पोरं घरी परतली. हातात यंत्रांचं काम होतं, अंगात रग होती. जुन्या फोर्ड गाड्या घ्यायच्या, वजन उतरवायचं, इंजिन चढवायचं आणि कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर रात्री पळवायच्या. अपघात झाले, लोक मेले, वर्तमानपत्रांनी झोडपलं. तिकडेही लोक हेच म्हणत होते: आत टाका.

मग १९५० मध्ये सांता आना इथल्या छोट्या विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना काढली. तिची पहिली अधिकृत शर्यत १९५३ मध्ये पोमोनाला झाली. आणि त्यामागे उभं कोण होतं? तिथले पोलीस! पोमोना पोलिसांतले सार्जंट बड कून्स १९५४ पासून तीन साथीदारांना घेऊन गावोगाव फिरले. पट्टा कसा आखायचा, गाडी कशी तपासायची, वेळ कशी मोजायची, हे त्यांनी शिकवलं. बऱ्याच ठिकाणी जागा होती ती युद्धानंतर पडून राहिलेल्या धावपट्टीची.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टा, दोन गाड्या, पाव मैल. म्हणजे १३२० फूट, साधारण ४०२ मीटर. पण खरी गोष्ट त्या ४०२ मीटरच्या पुढे आहे. पळायला जेवढी जागा लागते, निदान तेवढीच थांबायलाही लागते. २००८ मध्ये एक जीवघेणा अपघात झाला, तेव्हा सर्वात वेगवान गटांचं अंतर कमी करून १००० फूट केलं गेलं. आपल्या हायवेवर या थांबायच्या जागेत काय असतं? बिनदिव्याचा ऊसाचा ट्रॅक्टर, डिव्हायडर फोडून केलेली वाट, रस्त्यात बसलेली जनावरं.

भारतातही हेच झालंय. मद्रासजवळ शोलावरमची महायुद्धातली धावपट्टी होती. तिथे पन्नासच्या दशकापासून शर्यती होत गेल्या आणि तिथल्याच क्लबने पुढे १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ स्वतःचा ट्रॅक उभा केला. मुंबईत जुहूच्या विमानतळावर मोटारी पळाल्या. अलीकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' भरते. तिथे जुन्या होंडा सिटी व्हीटेकपासून कोटीभराच्या गाडीपर्यंत सगळं येतं. गाडी तपासली जाते, हेल्मेट लागतं, ॲम्ब्युलन्स उभी असते.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक जागी शर्यत लावल्याबद्दल शिक्षा सांगतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती वाढली. पण त्याच कलमात "राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय" असे शब्द आहेत. म्हणजे दार बंद नाही, कुणी ठोठावत नाही. गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करून ती रस्त्यावर आणायची नाही, हेही कायदा सांगतो. ते बरोबरच आहे. अशी गाडी ट्रेलरवर घालून धावपट्टीवर न्यायची.

हे आपल्याला जमणार नाही असं वाटतं? बैलगाडा शर्यत आठवा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, नियम केले. डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांची तपासणी, सगळं कागदावर आलं. घाटातला बैलगाडा म्हणजे तरी काय? सरळ पट्टा आणि सेकंदांचा हिशोब!

धाराशिवला धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान नाही. २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळसोबत ती खाजगी कंपनीला लांब मुदतीच्या करारावर दिली गेली होती. विमानं कधी यायची ती येवोत. तोवर वर्षातले दोन रविवार, पोलीस आणि आरटीओच्या देखरेखीखाली, या पोरांना देता येणार नाहीत का?

यावर कुणी म्हणेल, धावपट्टी दिली तरी रस्त्यावर पळवणारे पळवणारच. खरंय. कॅलिफोर्नियातही रस्त्यावरच्या शर्यती पूर्ण थांबल्या नाहीत. त्यामुळे दंड हवाच. पण "इथे नको" म्हणणाऱ्याला "मग कुठे?" याचं उत्तरही देता आलं पाहिजे. सत्तर वर्षांपूर्वी एका पोलीस सार्जंटने ते दिलं. आपल्याकडे निदान हा प्रश्न जिल्हा नियोजनाच्या बैठकीत कुणीतरी विचारावा. पटत असेल तर आपापल्या लोकप्रतिनिधीपर्यंत पोचवा.